पावसाळ्यात मॉडेल पांढरट पडतंय? आधी तो पांढरेपणा कुठला ते ओळखा

बेळगाव-खानापूर भागात निवृत्तीनंतर पुन्हा प्लास्टिक मॉडेल जोडायला बसलेल्या मंडळींची जून ते सप्टेंबर एकच तक्रार असते. विमान नीट जोडलं, सांधे लांबी भरून घासले, रंग झकास बसला. शेवटचा वार्निशचा हात मारून झोपले आणि सकाळी बघतात तर सगळ्यावर दुधाळ साय. पुसून जात नाही, पुन्हा रंगवलं तरी दोन दिवसांनी तेच. यानंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता पूर्वीचा हात राहिला नाही."

हे वाक्य मला मनापासून खोडून काढायचं आहे, कारण त्यापायी चांगले हात असलेली माणसं अर्धं झालेलं मॉडेल डब्यात बंद करून ठेवतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम केलेल्या माणसाचा हात वार्निशच्या एका थराला हरत नाही. हवा ओली आहे आणि रंग बदलले आहेत.

"लहानपणी असं कधी झालं नव्हतं" हेही खरं आहे. तेव्हा आपण वापरत होतो ते हंब्रोलच्या चिमुकल्या डब्यांतले एनॅमल, आणि ते नाही मिळाले तर रंगाच्या दुकानातला ऑइल पेंट. लावायचा ब्रशने. त्यातलं टर्पेंटाइन सावकाश उडतं, त्यामुळे भर पावसातही रंग फार तर वाळायला उशीर लावायचा. आज हातात येतं ते बहुतेक वेळा लॅकर असतं, स्प्रे कॅनमधलं किंवा एअरब्रशने (हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या पेनाने) उडवायचं, दहा मिनिटांत हाताला कोरडं होणारं. ही जी घाई आहे तीच आपल्याकडच्या हवेत नडते.

पण थांबा. मॉडेलवर दिसणारा प्रत्येक पांढरेपणा लॅकरचा नसतो. निदान पाच प्रकार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काम बिघडतं. डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांखाली) हवा अडकलेली असताना वरून थिनर मारलं, तर हवा तशीच राहते आणि डिकल मात्र सुरकुततं. म्हणून आधी निदान.

पहिली तपासणी डोळ्यांची

साठीनंतरच्या प्रत्येकाने हे आधी करावं. मोतीबिंदू धरायला लागला की डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि फिकट पांढरा-निळसर थर नजरेला येईनासा होतो. आपल्याला मॉडेल छान दिसतं, नातीला त्यावर धुकं दिसतं. उलट एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन दुसऱ्याचं व्हायचं असेल तर नव्या डोळ्याला सगळं निळसर पांढरं वाटतं, आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या तरुण डोळ्यांना दाखवा. रंगाची पारख करायची असेल तर एक-एक डोळा झाकून बघा. दोन्ही डोळ्यांत फरक जाणवला तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. मॉडेल कुठे पळून जात नाही.

मग पांढरेपणा नेमका कुठे आहे ते भिंगातून बघा. सगळ्या पृष्ठभागावर सारखा असेल तर ओलाव्याने पांढरं पडलेलं लॅकर. फक्त मॅट वार्निश मारल्यावर आला आणि रेषांच्या खाचांत जास्त दाटला असेल तर वार्निशमधली भुकटी. डिकलच्या कडेपर्यंतच असेल आणि मॉडेल तिरकं धरल्यावर चांदीसारखा चमकत असेल तर डिकलखालची हवा. कॅनपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या) काचेवर किंवा सांध्याच्या आसपास असेल तर फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ. गोल गोल ठिपके आणि कडेला लव असेल तर बुरशी. शंका राहिली तर पाण्याचा एक थेंब ठेवा. ओलं असेपर्यंत पांढरेपणा दिसेनासा होत असेल तर दोष बहुधा वरच्या खरखरीत पृष्ठभागात आहे. थेंबाखालीही दिसत राहिला तर तो थराच्या आत आहे.

लॅकर पांढरं का पडतं

दहातल्या बहुतेक तक्रारी याच्याच, म्हणून इथे जरा सविस्तर.

थिनर उडून जाताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं. जितकं झटपट उडेल तितका पृष्ठभाग जास्त गार. तो हवेच्या दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाच्या, खाली गेला की फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी धरतं तसं ओल्या रंगावर पाणी धरतं. ते सूक्ष्म थेंब वाळणाऱ्या थरात अडकतात, त्या पाण्यामुळे रंगातली राळ नीट विरघळलेली न राहता साकळते, आणि पाणी गेल्यावर मागे बारीक पोकळ्या उरतात. त्या प्रकाश विखुरतात. आपल्याला दिसते ती साय म्हणजे तो विखुरलेला प्रकाश. म्हणूनच पांढऱ्या किंवा करड्या विमानावर ती लक्षातही येत नाही आणि लाल, काळ्या, गडद हिरव्या रंगावर डोळ्यांत भरते. ब्रिटिश कवायती तुकडीचं लाल नॅट (छोटं जेट विमान) करणाऱ्यांना हा त्रास सर्वांत जास्त दिसतो. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर झुंजलेल्या निर्मलजीत सिंग सेखों यांच्या नॅटचं मॉडेल करताना गडद हिरव्या पट्ट्यांवरही तसाच दिसतो.

दवबिंदू काढायला कागद-पेन्सिल पुरते. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते आणाच. माझ्या मते हे एअरब्रशच्याही आधी घ्यायचं साधन आहे. शंभरातून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला पाचाने भागा आणि तेवढे अंश खोलीच्या तापमानातून कमी करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असताना हा आडाखा चांगला जुळतो. जुलैमधली टिळकवाडीतली दुपार घ्या: २६ अंश, ८५ टक्के. दवबिंदू येतो २३. म्हणजे पृष्ठभाग फक्त तीन अंशांनी गार झाला की पाणी धरणार, आणि लॅकर तेवढा तर सहज गार होतो. दिवाळीनंतर २८ अंश आणि ६० टक्के असेल तर दवबिंदू २०. आठ अंशांची मोकळीक. तोच रंग, तोच हात, तोच कॅन, आणि साय नाही.

आपल्या जिल्ह्यात ही मोकळीक गावागणिक बदलते. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात उघडीप मिळणं मुश्कील. बेळगाव शहरात अधूनमधून दुपारी मिळते. निपाणी, चिकोडीकडे आणखी बरी आणि अथणीला तर जुलैतही फवारणीचे दिवस सापडतात. म्हणून चिकोडीच्या मित्राने "मला काही होत नाही" म्हटलं तर त्याच्या रंगाचं नाव विचारण्याआधी त्याच्याकडची आर्द्रता विचारा.

ही अडचण आपल्याच छंदातली आहे असंही नाही. शहापुरात फर्निचरला पॉलिश मारणाऱ्या एका कारागिराला मी विचारलं, तर त्याला नवल वाटलं नाही. "पाऊस लागला की पॉलिश पांढरं पडतंयच की वो. आमी रिटार्डर घालतोय, नाहीतर ऊन पडेपर्यंत थांबतोय." गाड्यांना रंग मारणारेही हेच सांगतात. ज्यांचं पोट या कामावर आहे ते थांबतात, याचा विचार करा.

आता उपाय. सर्वांत खात्रीचा उपाय कामाची वाटणी. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य या नक्षत्रांत लॅकरची फवारणी करूच नका. हे दिवस भाग कापणं, जोडणं, लांबी भरणं, घासणं, वैमानिक आणि कॉकपिट ब्रशने रंगवणं यासाठी ठेवा. ही कामं पावसाच्या आवाजात फार छान होतात. जोडून तयार झालेली दोन-तीन मॉडेलं दसऱ्यापर्यंत थांबली तर बिघडत नाही. हस्त संपला की एकापाठोपाठ एक रंगवा.

थांबणं शक्य नसेल तर वेळ निवडा. सकाळ-संध्याकाळ टाळा. ऊन पडलेलं असताना दुपारी एक ते चार, यंत्र ६५ टक्क्यांच्या खाली दाखवत असेल तेव्हाच.

दुसरा मार्ग, मॉडेल गरम करणं. हवा तापवल्याने दवबिंदू बदलत नाही, पण मॉडेलचं तापमान त्याच्यापासून लांब जातं. २४ अंश आणि ९० टक्के असेल तर दवबिंदू २२. मॉडेल ३५ अंशांवर नेलं तर दोनाच्या जागी तेरा अंश मोकळे मिळतात. प्लायवूडच्या खोक्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि एक थर्मामीटर पुरेसा आहे. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती वाळवायला हॅलोजन लावतात तेच तत्त्व, फक्त आपलं प्लास्टिक मातीइतकं सोशिक नाही. ४० ते ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, पातळ पंख वाकतात. आणि हे नीट लक्षात ठेवा: बल्ब बंद करून, मॉडेल बाहेर काढून, खोक्यापासून दूर फवारा. थिनरची वाफ आणि तापलेला बल्ब एकत्र आले तर आग लागते. पातळ भाग मिनिटाभरात गार होतात, म्हणून पंख आणि शेपूट आधी, धड नंतर.

तिसरा मार्ग रिटार्डरचा, म्हणजे थिनरला सावकाश उडायला लावणारा द्राव. मॉडेलवाल्यांसाठीच्या मिस्टर लेव्हलिंग थिनरमध्ये तो आधीच असतो आणि माझा कौल त्यालाच आहे. वेगळा रिटार्डर घालायचा तर थिनरच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे जाऊ नका. जास्त झाला तर थर दिवसेंदिवस मऊ राहतो आणि खालचं प्लास्टिकही खातो. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुवायला ठेवा. ते उघड्या पॉलिस्टायरिनला (किटच्या प्लास्टिकला) चरे पाडू शकतं, आणि उघड्या कॅनमधून मापून दिलेलं असेल तर त्यात ओल शिरलेली असण्याचीही शक्यता असते. वापरायचंच असेल तर आधी किटच्या चौकटीच्या तुकड्यावर लावून बघा.

स्प्रे कॅन एअरब्रशपेक्षा जास्त त्रास देतो, कारण आतला वायू पसरतानाच गार होतो. कॅन पाच-दहा मिनिटं हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात धरा. उकळतं पाणी कधीही नको. लांब फवारे न मारता तुटक, हलके मारा. कंप्रेसरवाल्यांनी टाकीखालचा नळ रोज उघडून पाणी काढावं आणि नळीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवावा. मात्र तिथून येणारं पाणी सारखी साय धरत नाही, ते थेंबांचे खड्डे पाडतं. डाग तसे असतील तर दोष खोलीतल्या हवेत न शोधता नळीत शोधा.

आणि आधीच पांढरं पडलेलं? बहुतेक वेळा वाचतं. आर्द्रता उतरलेल्या दिवसाची वाट बघा, मॉडेल कोमट करा आणि फक्त लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारा, पृष्ठभाग ओलसर चमकेल इतकाच. लॅकर पुन्हा किंचित विरघळतं, पोकळ्या बुजतात आणि साय समोरच निघून जाते. पहिल्या फवाऱ्यात पूर्ण गेली नाही तर अर्ध्या तासाने दुसरा. हे फक्त लॅकरवर. वरचा थर पाण्यातल्या ॲक्रिलिकचा किंवा एनॅमलचा असेल तर हे थिनर त्याला उचलून टाकेल.

मॅट वार्निशचा पांढरेपणा

मॅट वार्निशमध्ये चमक मोडण्यासाठी बारीक सिलिका घातलेली असते आणि ती तळाशी बसते. वरवर हलवून वापरली की सुरुवातीला चमकदार वार्निश येतं आणि बाटलीच्या शेवटी नुसती भुकटी. बाटली कोमट पाण्यात ठेवा, काडीने तळापर्यंत ढवळा, मग हलवा. एकच जाड थर देण्याऐवजी दोन पातळ द्या. भुकटी दिसायला लागलीच तर घासू नका; वरून चमकदार वार्निशचा एक हात मारा. सिलिकाचे कण त्यात भिजले की दिसेनासे होतात. नीट वाळल्यावर पुन्हा पातळ मॅट.

डिकलखालची चांदी

मॅट रंग भिंगाखाली खडबडीत असतो. त्या खाचांत हवा राहते आणि डिकलच्या पारदर्शक कडेतून ती चांदीसारखी चमकते. म्हणून डिकल लावण्याआधी चमकदार वार्निशचा गुळगुळीत थर हवाच. हा टप्पा आपल्या लहानपणी कुणी सांगितला नव्हता, आणि डिकलच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात. लावून झालेल्या डिकलखाली चांदी दिसत असेल तर बारीक सुईने तेवढ्याच जागी टोचे द्या, मायक्रो सॉलसारखा डिकल मऊ करणारा द्राव ब्रशच्या टोकाने सोडा आणि हात लावू नका. डिकल आधी सुरकुततं, घाबरायचं नाही, वाळताना आपणच बसतं. गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

इथे आपल्याकडची आणखी एक गोष्ट. राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत फरक आहे. जड बोअरच्या पाण्यात भिजवलेलं डिकल वाळलं की कडेला क्षारांची पांढरी रेघ राहते आणि तिला लोक चांदी समजतात. ओल्या कापसाने पुसून गेली तर ते क्षारच. डिकलसाठी इन्व्हर्टरच्या दुकानात मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा. एक कॅन वर्षभर पुरतो.

कॅनपीवरचं धुकं

फेविक्विकच्या जातीचे गोंद वाळताना वाफ सोडतात. ती जवळच्या काचेवर बसून पांढरी पूड होते, आणि बोटांचे ठसे असतील तर तिथे आधी. पोलीस ठसे शोधायला हीच वाफ वापरतात. म्हणून काचेच्या भागाला बोट लावू नका आणि त्याच्याजवळ हा गोंद वापरू नका. पांढरं फेविकॉल कॅनपीला पुरेसं धरतं, पारदर्शक वाळतं आणि सांडलेलं ओल्या ब्रशने निघतं. धडाच्या आत फेविक्विक लावला असेल तर कॅनपी बसवण्याआधी एक रात्र पंख्याखाली उघडं राहू द्या. बाहेरून आलेलं धुकं मऊ कापडाने, नाही गेलं तर पारदर्शक प्लास्टिकच्या पॉलिशने घासून जातं. कॅनपी बंद झाल्यावर आतून आलेलं मात्र कॅनपी काढल्याशिवाय निघत नाही.

खिडकी बंद असताना

पावसाची झड आत येते म्हणून खिडकी लावून घेतात आणि त्याच खोलीत लॅकर मारतात. हे मला सगळ्यांत जास्त काळजीचं वाटतं. थिनरची वाफ डोकं दुखवते, भोवळ आणते, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ती अंगावर घेऊच नये. कापडी मास्क किंवा एन-९५ ही वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचा, कोळशाच्या डबीचा मास्क लागतो, आणि डबी ठरावीक काळाने बदलावी लागते. वाफ बाहेर टाकणारा पंखा खिडकीत बसवता आला तर उत्तम. तेही जमत नसेल तर पावसाळ्यात पाण्यातले ॲक्रिलिक ब्रशने वापरा. ते सावकाश वाळतात, दोन थरांमध्ये पूर्ण दिवस जाऊ द्यावा लागतो, पण लॅकरपेक्षा घरातल्यांसाठी बरेच सुरक्षित आहेत. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून, डोक्याला भिंगाची पट्टी लावून काम करा. थोडं थरथरणारं बोटही मग सरळ रेघ ओढतं.

बुरशी

खानापूरकडे पुठ्ठ्याची खोकी सप्टेंबरपर्यंत हिरवी पडतात. डिकलच्या मागचा डिंक बहुधा डेक्स्ट्रिनचा, म्हणजे पिठापासून केलेला असतो आणि बुरशीला तो फार आवडतो. तयार मॉडेलवरची बुरशी मऊ ब्रशने, साबणाच्या कोमट पाण्यात निघते. डिकलच्या कागदावर आली तर तेवढा कागद वेगळा काढा, पसरू देऊ नका. पिवळे पडलेले जुने डिकल मात्र फेकू नका: पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा, काही आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरतो. अर्थात हे काम मार्च-एप्रिलचं.

मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत सगळे डिकल खोक्यांतून काढून झिपच्या पिशव्यांत घाला आणि त्या पिशव्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलसोबत (ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत) ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते ओल धरून बसले आहेत असं समजा. जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा कामाचे होतात. निळे दाणे स्वयंपाकाच्या तव्यावर किंवा भांड्यात कधीही तापवू नका, त्यांत कोबाल्टचा क्षार असतो. नारिंगी मिळाले तर तेच घ्या; पांढरेही चालतात, पण त्यांचा रंग बदलत नाही.